पुस्तक मिटावंसं वाटलं तर मिटा

प्रश्न : ताई नमस्कार, मी अमळनेरची, वय 36. आमच्या गल्लीतल्या बायकांचा वाचनकट्टा आहे, महिन्यातून एकदा बसतो. यावेळी अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'चा मराठी अनुवाद घेतलाय. त्यात थिएटरबाहेरचा तो प्रसंग वाचल्यापासून मला झोप नाही. सखाराम महाराजांच्या यात्रेत सरबतवाल्याने माझ्या मुलाचा गाल धरला नुसता, तर मी त्या माणसाचा हात झटकून दिला, लोक बघायला लागले, मुलगा पण घाबरला. मिस्टर म्हणतात असली पुस्तकं वाचूच नको, सासूबाई म्हणतात "जे रडाले लावस, ते पुस्तक वाचस कसाले व माय?" अर्धं राहिलंय, पूर्ण वाचू का? सोडलं तर कट्ट्यावर तोंड कसं दाखवू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांगते, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाहीये. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 1997 साली इंग्रजी कादंबरीसाठीचा बुकर पुरस्कार मिळालेली ही कादंबरी, केरळातली गोष्ट, काळ 1969 चा. सात वर्षांचा एस्था पिक्चर चालू असताना गाणं म्हणत बसतो म्हणून त्याला बाहेर पाठवतात, आणि बाहेर थंड पेय विकणारा माणूस त्याला फुकट ड्रिंक देतो आणि त्याचं शोषण करतो. आत घरचे सगळे बसलेत, मधे फक्त एक दरवाजा. कुठे अंधार नाही, जंगल नाही, गुंड नाही, काउंटर आहे, बाटली आहे आणि मोठ्यांशी नीट वागायचं असं शिकवलेलं पोरगं आहे. म्हणून तर यात्रेत तुमचा हात उठला, तुम्हाला सरबत आणि गाल एकत्र दिसले ना. तो सरबतवाला बिचारा काही वाईट नसेलही, पण तुमच्या अंगाने विचार करायच्या आधी हालचाल केली. मुलाला मात्र एकदा जवळ घेऊन सांगा की आई तुझ्यावर चिडली नव्हती, आणि तुझ्या गालाला कोणी हात लावलेला तुला नको असेल तर नको म्हणायचं, माणूस मोठा असला तरी.

आता पूर्ण वाचायचं का. नाही वाचलं तरी चालतं हो. आपल्याकडे पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं लोकांना, पण पुस्तकाचं आपण काही देणं लागत नाही. पानं गाळा, मधे दोन महिने ठेवून द्या, कोणाला तरी विचारा पुढे काय होतं आणि मग ठरवा. रात्री झोपताना वाचू नका, दुपारी घरात वर्दळ असताना वाचा. छाती धडधडायला लागली तर पुस्तक खाली ठेवा, पाय जमिनीला टेकवा, तोंडावर गार पाणी मारा, खोलीतल्या वस्तूंची नावं मनात घ्या, खुर्ची, कॅलेंडर, पंखा, असं. साधं आहे पण उपयोग होतो.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, मला उत्तर पाठवायची गरज नाही. रात्री डोळ्यासमोर एस्था येतो का दुसरं कोणी? एस्था येत असेल तर तो पुस्तकाचा परिणाम आहे, काही दिवसांनी ओसरतो. पण कोणी नातलग दिसत असेल, एखादा वास, एखादी खोली आठवत असेल, तर पुस्तक आत्ता बाजूलाच ठेवा आणि बोला. बहिणीशी बोला, मैत्रिणीशी बोला, नाहीतर मानसिक त्रासासाठीच्या टेली मानस हेल्पलाईनचा 14416 आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

कट्ट्याचं सांगते, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बसायच्या आधीच ग्रुपवर टाका की या पुस्तकात लहान मुलाच्या शोषणाचा प्रसंग आहे, कोणाला यायचं नसेल तर कारण विचारणार नाही. दहा बायका बसल्या तर त्यात एखादी अशी असू शकते जिने हे भोगलंय आणि आईला पण सांगितलं नाहीये. आणि चर्चेत कोणी ना कोणी म्हणणारच, "पण मग त्याने सांगितलं का नाही घरी?" ते तिथेच थांबवा. कारण पुस्तक नेमकं तेच तर दाखवतं! त्या माणसाला पोराचं घर कुठे आहे ते कळलंय, एस्थाला वाटतं तो येईल, कधीही येईल, आणि ज्या हाताने घडलं तो चिकट हात तो स्वतःपासून लांब धरून ठेवतो जणू त्याचा नाहीच. अशा पोराकडे सांगायला शब्द कुठून येणार? पुढे घरावर आणखी संकटं येतात आणि मोठा होता होता एस्था बोलणंच हळूहळू बंद करतो, घरातली कामं करतो, मैलोन् मैल चालत राहतो. लोकांना वाटतं स्वभावच असा. आपल्या गावात पण असे 'स्वभावच असे' किती लोक असतील. तुम्ही जो प्रश्न थांबवाल ना, त्यामुळे त्या गप्प बसलेल्या बाईला कळेल की इथे आपल्याला दोष देणार नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी धुळ्याला एम.ए. करतो. मित्र म्हणतात हल्ली लेखक मुलांच्या शोषणावर लिहून दुःख विकतात, इतकं काही खरं नसतं. मला पण एक जाड कादंबरी वाचताना तसंच वाटलं, पानोपानी छळच. कसं ओळखायचं?

उत्तर : खरं नसतं हे तर सोडूनच दे भाऊ. 2007 मधे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत अभ्यास केला, त्यात 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. तुझ्या मित्रांना हा आकडा सांग, आणि सांगताना कोण गप्प होतं तिकडे पण लक्ष ठेव.

पण तुझी शंका चुकीची नाहीये. काही लेखक खरंच जखम उकरत बसतात. मी एवढंच बघते की पुस्तक मिटल्यावर मला त्या माणसाचं दुसरं काय आठवतं, त्याला खायला काय आवडायचं, कशावर हसायचा, कोणावर उगाच चिडायचा. काहीच आठवत नसेल, फक्त वळ आठवत असतील, तर लेखकाने पण त्याला वापरूनच घेतलं. दुसरं म्हणजे त्रास देणारा प्रसंग किती पानं आणि नंतरची वर्षं किती पानं. नंतरचं लिहिणं अवघड असतं, तिशीतला माणूस पाठीमागून कोणी हाक मारली की का दचकतो, लग्न ठरलं की का पळतो, चांगलं चाललेलं स्वतःच का मोडतो. ते ज्याला जमलं त्याचं पुस्तक छळाने भरलेलं असलं तरी मी विकाऊ म्हणणार नाही.

प्रश्न : शहाद्याजवळच्या शाळेत शिक्षक आहे, ग्रंथालय माझ्याकडे आहे. नववीच्या मुलांना लहान मुलांच्या शोषणावरचं वाचायला द्यावं का?

उत्तर : द्या सर, पण मोठ्यांची कादंबरी नको, त्यांच्या वयाचं छोटं काहीतरी द्या, आणि तुम्ही आधी पूर्ण वाचलेलं असू द्या. वाचून झाल्यावर वर्गात सगळ्यांसमोर 'कोणाला असा अनुभव?' असं चुकूनही विचारू नका. एखादं मूल नंतर एकटं येऊन सांगेल, तेव्हा ऐका, खोदून विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. तिला किंवा त्याला सांगा, तुझी चूक नाही, आणि आता आपण कोणाकोणाला सांगणार आहोत ते पण सांगा. आणि मुलांसाठीच्या चाईल्ड हेल्पलाईनचा 1098 ग्रंथालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, मुलामुलींच्या शौचालयात दाराच्या आतल्या बाजूने पण लावा, तिथे नंबर वाचताना कोणी बघत नसतं.