बसल्या बसल्या फुप्फुस मिटलं, छातीत नळी घातलीय. हे पुन्हा होईल का? ऑपरेशन आत्ताच करून घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: धाकटा भाऊ २३ वर्षांचा, उंच आणि सडपातळ. निपाणीत दुकानात बसलेला असताना उजव्या छातीत कळ आली, दम लागला. गॅस असेल म्हणून दोन दिवस ओवा-सोड्यावर काढले. मग एक्स-रेत उजवं फुप्फुस मिटलेलं दिसलं, आणि आता बेळगावात नळी घातली आहे.

ऑपरेशनचं आधी सांगतो. हा पहिलाच झटका असेल, नळीतून हवा यायची थांबली असेल आणि फुप्फुस पूर्ण फुललं असेल, तर सहसा कुणी ऑपरेशनची घाई करत नाही. मात्र नळी निघाली म्हणजे दुखणं मिटलं असंही समजू नका. साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांतच.

फुप्फुसाच्या शेंड्याला काहींच्या बारीक, पातळ पापुद्र्याच्या पुळ्या असतात. त्यांना ब्लेब म्हणतात. एखादी फुटली की श्वासाची हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या पोकळीत शिरते. तिथला दाब एरवी बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून तर फुप्फुस पसरलेलं राहतं. हवा शिरली की ते स्वतःच्याच ताणानं आकसतं. उंच, सडपातळ तरुण मुलांत हे जास्त दिसतं. काल पोतं उचललं म्हणून झालं, असं घरात कुणी म्हणत असेल तर तो विषय सोडून द्या. बहुतेकांना हे स्वस्थ बसलेलं असतानाच होतं.

हातात असलेलं एकच मोठं कारण म्हणजे धूर. निपाणी-चिकोडी भागात कित्येक घरांची चूल तंबाखूवर पेटते, हे माहीत असूनही स्पष्ट लिहितो: कधीच न ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात हा त्रास होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास, तर ओढणाऱ्याला शंभरात बारापर्यंत. बिडी ‘हलकी’ असते हा गैरसमज आहे. गांजाही त्याच माळेतला. भाऊ ओढत असेल तर पुन्हा होणं टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय तिथंच आहे, आणि ‘दिवसाला दोनच’ हा उपाय नव्हे.

आता नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघा, कारण रात्री कॉटजवळ तुम्हीच बसणार. लांब नळीचं टोक पाण्यात साधारण २ सेंमी बुडालेलं असावं. फार खोल गेलं तर हवेला बाहेर पडायला जोर लागतो; पाण्याच्या वर राहिलं तर बाहेरची हवा सरळ छातीत जाते. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होत असेल तर नळी चालू आहे. बुडबुडे येताहेत म्हणजे हवेची गळती चालू आहे. खोकल्यावरही बुडबुडे येत नाहीत पण पाणी हलतंय, तर गळती बहुधा थांबली. दोन्ही बंद असेल तर एकतर फुप्फुस पूर्ण फुललंय, नाहीतर नळी वळलीय, अंगाखाली दबलीय किंवा आत काहीतरी अडकलंय. म्हणून नुसतं बाटलीकडे बघून ‘बरं झालं’ म्हणू नका, एक्स-रे होऊ द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा पेशंटला हलवताना होतो. एक्स-रेला नेताना कुणीतरी मदत म्हणून बाटली उचलून पेशंटच्या मांडीवर किंवा पोटावर ठेवतो, आणि पाणी उलटं छातीकडे जाऊ शकतं. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. दुसरी चूक नळीला चिमटा लावण्याची. बुडबुडे येत असताना चिमटा लावला तर हवा आत कोंडते आणि जीवावर बेतू शकतं. बाटली फुटली तर नळीचं टोक स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. नळीच निसटली तर जखमेवर जाड गॉज दाबा. दोन्ही वेळा सिस्टरना लगेच हाक मारायची.

फुप्फुस दोन दिवस मिटलेलं होतं, म्हणून डॉक्टर सक्शन (म्हणजे यंत्रानं हवा ओढून घेणं) लावायची घाई करत नसतील तर ते बरोबरच आहे. फार वेगानं फुलवलं तर फुप्फुसातच पाणी भरू शकतं. जोराचा खोकला आणि फेस येणं ही त्याची खूण.

नळी प्रत्येकालाच लागते असं नाही. त्रास कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात किंवा सुईनं हवा ओढतात. साचलेली हवा आपोआप जिरते, पण दिवसाला छातीच्या त्या बाजूच्या जेमतेम २ टक्के.

ऑपरेशन कधी? त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं, दुसऱ्या बाजूला झालं, दोन्ही बाजूंना एकदम झालं, छातीत रक्त साचलं, किंवा पाचेक दिवसांनंतरही बुडबुडे थांबेनात, तर. दुर्बिणीतून पुळ्या काढतात आणि फुप्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटवतात. त्यासाठी अस्तर खरवडतात किंवा निर्जंतुक टाल्क पावडर फवारतात. त्यानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. माझं मत विचाराल तर, माणूस कणकुंबी-जांबोटीकडच्या आतल्या गावात राहत असेल, जिथं पावसाळ्यात दवाखाना गाठायलाच वेळ लागतो, तर पहिल्या झटक्यानंतरही सर्जनशी बोलून ठेवावं. निपाणीहून बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही हायवेवर आहेत, तुम्हाला तेवढी घाई नाही.

घरी आल्यावर चालणं-फिरणं चालू ठेवा. दुखतं म्हणून उथळ श्वास घेऊ नये, त्यासाठी वेदनाशामक वेळेवर घ्या. श्वासाच्या व्यायामाच्या तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरमध्ये हवा आत ओढायची असते, फुंकायची नाही. तालीम, कुस्ती, जड वजनं हे सगळं एक्स-रे साफ दिसेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. विमान एक्स-रे साफ झाल्यावर किमान ७ दिवसांनी. वर केबिनमधला दाब कमी असतो, उरलेली हवा तिथं फुगते. मालवण-तारकर्लीचं स्कूबा मात्र कायमचं विसरा. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्यांनाच त्याबद्दल विचार करता येतो, तोही तज्ज्ञांना विचारून.

पुन्हा तशीच कळ आली तर सोडा नाही, थेट एक्स-रे. दम झपाट्यानं वाढतोय, ओठ निळे पडताहेत, मानेच्या शिरा फुगल्यात, चक्कर येतेय, तर १०८ लावा. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता जाड सुईनं हवा सोडतात.

डिस्चार्जच्या वेळी एक्स-रे आणि सीटी झाला असेल तर त्याचेही फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घरात कुणा वयस्काला जुना टीबी किंवा बिडीमुळे दम्यासारखा त्रास असेल तर त्यांचेही ठेवा. अशा फुप्फुसात मोठा हवेचा फुगा असला तर तो एक्स-रेत अगदी मिटलेल्या फुप्फुसासारखा दिसतो, आणि नळी चुकून त्या फुग्यात गेली तर नवीनच गळती सुरू होते. जुना फोटो शेजारी धरला की डॉक्टरांना फरक कळायला मदत होते.