आईला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध चालू आहे आणि पाच दिवस शौचाला झालेली नाही. इसबगोल वाढवावा की गोळीच बंद करावी?

दोन्ही करू नका. आजच तिच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. मी डॉक्टर नाही, पण माझ्या थोरल्या भावाला हेच औषध अनेक वर्षे चालू आहे आणि त्याच्या औषधपाण्याचे सगळे मीच पाहतो.

क्लोझापिन सुरू करताना पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका समजावून सांगतात, त्यामुळे घरचे लोक रक्ततपासणीच्या तारखा नेमाने पाळतात आणि पोटाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या औषधाने आतड्याची हालचालच मंदावते, कारण ज्या ॲसिटिलकोलिन आणि सिरोटोनिनच्या संदेशांवर आतडे पुढे सरकत राहते, तेच ते अडवते. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात मोठ्या आतड्यातून मळ पुढे जाण्यास क्लोझापिन न घेणाऱ्या मनोरुग्णांना सुमारे २३ तास, तर घेणाऱ्यांना सुमारे १०४ तास लागत असल्याचे आढळले. विशेष म्हणजे आतडे इतके मंदावलेल्यांपैकी अनेकांची स्वतःची काही तक्रारच नव्हती. म्हणून ‘पोट साफ होते का?’ या प्रश्नाला मिळालेल्या ‘हो’वर मी विसंबत नाही, भावाला रोज विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो. त्याला प्रथम संकोच वाटला, आता तो स्वतःच खूण करतो.

इसबगोलाविषयी आपल्याकडे फार विश्वास आहे, परंतु तो मळाचे आकारमान वाढवतो आणि आतडे ढकलतच नसेल तर हा वाढलेला गोळा अडकून बसण्याची भीती असते. डॉक्टर सहसा आतड्याला चालना देणारे सेना किंवा बिसाकोडिल आणि मळ मऊ ठेवणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात, आणि पुष्कळदा त्रास होण्याची वाट न पाहता क्लोझापिनबरोबरच ते सुरू करतात. मात्र आत अडथळा निर्माण झालेला नाही ना, हे तपासल्याशिवाय पाच दिवसांनंतर घरच्या घरी जुलाबाचे औषध देऊ नये. हात थरथरू नयेत म्हणून आईला ट्रायहेक्सिफेनिडिलही चालू असेल, तर ते आवर्जून सांगा. तेही आतडे मंदावते आणि ते कमी करता येईल का, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

पोट फुगून टणक झाले, सतत दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, वायूही सरेनासा झाला किंवा ताप आला, तर फोनची वाट न पाहता जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्या. बद्धकोष्ठानंतर अचानक पातळ होऊ लागले, तरी मोकळे झाले असे समजू नका. अडकलेल्या मळाच्या कडेने तेवढेच पातळ झिरपत असू शकते. आतड्याचा लकवा किंवा रक्तपुरवठा तुटल्याने आतडे सडणे, यांमुळे मृत्यू झालेले आहेत आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कारणासाठी क्लोझापिनवरील इशारा अधिक कडक केला. तातडीच्या विभागातील डॉक्टरांना हे औषध क्वचितच पाहायला मिळते, म्हणून चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी बरोबर ठेवा.

क्लोझापिन एकदम थांबवल्यास आजार उसळून येऊ शकतो. रुग्णालयात किंवा उलट्यांमुळे ४८ तासांहून अधिक काळ गोळी चुकली, तर पूर्वीचा डोस परस्पर देऊ नका; तो पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढवावा लागतो.