प्रोग्रॅम नाव विचारतो पण टाकूच देत नाही, कोडिंग सोडू का?

तुझं पत्र वाचलं. पहिल्या वर्षाला आहेस, जावा शिकतोयस, प्रोग्रॅम आधी वय विचारतो ते तू टाकतोस, मग नाव विचारतो आणि टाकायच्या आतच पुढे पळतो, तीन दिवस डोकेफोड केलीस आणि आता म्हणतोस हे आपल्याला जमणारं नाही, ब्रँच बदलू का. या कारणासाठी तर अजिबात नको बदलूस. स्कॅनर, म्हणजे जावातलं टाईप केलेलं वाचून घेणारं साधन, वापरणारे खूप जण सुरुवातीला इथेच अडकतात.

होतं काय बघ. तू १८ टाईप करून एंटर दाबतोस, तेव्हा १८ च्या मागे ओळ संपल्याची खूण पण जाते. स्कॅनरचं आकडा वाचणारं नेक्स्टइंट फक्त १८ उचलतं, खूण तिथेच पडून राहते. मग नेक्स्टलाइन येतं, त्याचं काम चालू ओळ शेवटपर्यंत वाचायचं, पण त्या ओळीत उरलंय काय, नुसती खूण, म्हणून ते रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, घेऊन परत येतं आणि तुला वाटतं नाव विचारलंच नाही. सीप्लसप्लस मध्ये आकडा वाचणाऱ्या सीइन नंतर ओळ वाचणारं गेटलाइन लिहिलं तरी हेच होतं, म्हणजे खोट जावाचीही नाही आणि तुझी तर नाहीच.

काही जण मध्ये एक जास्तीचं नेक्स्टलाइन टाकायला सांगतात, चालतं ते, पण मला स्वतःला सगळं नेक्स्टलाइननेच वाचून आकडा हवा तिथे इंटिजर डॉट पार्सइंटने मजकुराचा आकडा करणं जास्त पटतं, फक्त आधी ट्रिम कर, म्हणजे मागच्यापुढच्या स्पेस काढ, नाहीतर एका स्पेसमुळे नंबर फॉरमॅट एक्सेप्शन ही एरर येईल. स्कॅनर एकच बनव आणि मध्येच क्लोज करू नकोस, कारण त्याच्यासोबत सिस्टिम डॉट इन, म्हणजे कीबोर्डवरून येणारं इनपुट, पण बंद होतं आणि मग नवीन स्कॅनर बनवला तरी त्याला वाचायला काही मिळत नाही.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या कोडमध्ये मला जास्त खटकली. तू स्टुडंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे नवा स्टुडंट बनताना चालणाऱ्या कोडमध्येच, स्कॅनर घातलायस. काढ तो तिथून. स्टुडंटला नाव आणि वय माहीत असावं, ते कीबोर्डवरून आलं का फाईलमधून याच्याशी त्याला काय करायचंय? प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनमध्ये नाव आणि वय वाच, कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर म्हणून दे. उद्या शंभर स्टुडंट फाईलमधून घ्यायचे झाले तर तुझ्या क्लासची एक ओळ बदलावी लागणार नाही, आणि टेस्ट करताना दरवेळी टाईप करत बसावं लागणार नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात ते हेच रे, ज्याचं काम त्याच्याकडे, आणि इंटरव्ह्यूत क्लास डिझाइनवर प्रश्न आला की हेच बघतात.

ब्रँचचा विचार सध्या बाजूला ठेव. आधी हे दोन बदल कर, मग वयाच्या जागी मुद्दाम अक्षरात अठरा टाकून बघ, प्रोग्रॅम कोसळेल, तो न कोसळता पुन्हा वय विचारेल असं ट्राय कॅच, म्हणजे एरर पकडणारा कोड, आणि लूप लावून कर. जमलं किंवा अडलं तरी कोडसकट मला पाठव.