डोकं दुखलं तरच बीपीची गोळी?

प्रश्न : आईचं वय 58. गावातल्या तपासणीत बीपी 164/102 निघाला, आठ दिवसांनी उपकेंद्रातही तेवढाच. अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची गोळी रोज सांगितली आहे, पण ती डोकं जड झालं तरच घेते. म्हणते, "मले काई होत नाई त गोळी कायले खाऊ? एकदा लागली का जनमभर सुटत नाई." कसं समजवावं?
– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : आईला काही होत नाही, हे खरंच आहे. एवढा बीपी असूनही बहुतेकांना काही जाणवत नाही. डोकं उन्हानं, जागरणानं, उपाशीपोटी निंदायला गेल्यानंही दुखतं. तेवढ्यात मेंदू, हृदय आणि किडनीच्या नसांवर ताण पडतच असतो.

शिवाय ही गोळी दुखण्यावरची नाहीच. घेतल्यावर 6 ते 12 तासांनी ती रक्तात पुरती चढते आणि रोज घेतली तर आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण गुण दिसतो. तासाभरात डोकं उतरलं, तर ते गोळीनं नव्हे.

सवयीची भीती घरोघरी आहे. या गोळीची सवय लागत नाही. विहिरीचा उपसा थांबला की पाणी पुन्हा चढतं, तसा गोळी सोडल्यावर मूळचाच बीपी परत येतो. म्हणून "आता नॉर्मल आला" म्हणूनही मनानं बंद करू नये. घोट्यांना सूज आली तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा गोळी बदलता येते. कापूस वेचून अंग दुखलं की दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक मात्र बीपी वाढवते. ती विचारल्याशिवाय नको.

मोजताना घाई फार होते. शेतातून आल्या आल्या पट्टा बांधू नका. अर्धा तास आधी चहा, खर्रा नको. लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा. बाही वर करून हात छातीच्या उंचीवर टेकवा.

मीठ दिवसभराचं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. ठेचा, लोणचं, पापड यातच ते सरतं. सैंधवही मीठच.

तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूची ताकद गेली किंवा छातीत दुखलं, तर घरी गोळी देत बसू नका, 108 ला फोन लावा. एरवी गोळीचं पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवा आणि पाच गोळ्या उरल्या की उपकेंद्रातून पुढच्या आणा.