म्हातारपणी रक्ताच्या स्टेम सेलची डीएनए दुरुस्त करायची ताकद संपते का? (वडील ७४, हिमोग्लोबिन ८.६, घरचे म्हणतात वयामुळे)

संपत नाही. पण 'घरचे म्हणतात वयामुळे' हे वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

आमच्या डिचोलीच्या घरी हेच झालं. चवथीला माटोळी (गणपतीवरची फळा-फुलांची सजावट) बांधताना बाबांना धाप लागली, स्टुलावरून उतरून खाली बसले. आप्पा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लगेच म्हणाले, "वय झालं, रक्त आटायचंच." मग बिटाचा रस, लोहाच्या गोळ्या, नाचणीचं तिजण. महिने गेले. रिपोर्टवर हिमोग्लोबिनभोवती पेनाने गोल केलेला, आणि चार ओळी खाली एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०९, म्हणजे मोठा, त्याकडे कुणाचं लक्षच नाही. अहो, लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान होतात, मोठ्या नाही! शेवटी मी हट्टाने हिमॅटोलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरकडे नेलं. कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढला. एमडीएस निघाला, म्हणजे मॅरोतल्या मूळपेशीच बिघडून नीट रक्त न बनवण्याचा आजार.

आता तुमचा प्रश्न. स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळपेशी, बहुतेक काळ झोपलेल्या असतात. विभागणी चालू असलेल्या पेशीकडे डीएनएची जुळी प्रत असते, ती बघून तुटलेलं नीट जोडता येतं. झोपलेलीकडे ती नसते, मग फाटक्या कापडाची टोकं ओढून टाका घालावा तशी दुरुस्ती होते. मधला तुकडा गेला तो गेला. असे ना तसे, एकेका पेशीच्या डीएनएत वर्षाला साधारण १७ बदल साठतात, असं २०२२ मध्ये छापून आलंय. बरेचसे निरुपद्रवी. पण डीएनएमटी३ए, टीईटी२ असल्या जीन्समध्ये बदल झालेली पेशी इतरांपेक्षा जोरात वाढते. तरुणपणी हजारो मूळपेशी मिळून रक्त बनवतात. सत्तरीनंतर दहा-वीस घराणीच (एकाच मूळपेशीपासून वाढलेल्या पेशींचे गट) मोठा वाटा उचलतात. गंमत म्हणजे वयानुसार मूळपेशींची संख्या घटत नाही, वाढते. काम मात्र ढिलं पडतं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी तयार होतात.

पण एवढ्याने हिमोग्लोबिन ८.६ वर येत नाही. वय हे निदान नव्हे.

घाबरू नका, असं घराणं वाढलेल्यांपैकी वर्षाला शंभरात जेमतेम एखाद्यालाच रक्ताचा कॅन्सर होतो. तुमच्या वडिलांचं कारण बी१२, किडनी किंवा पोटातला रक्तस्रावही असू शकतं. पूर्वी किमो, रेडिएशन झालं असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. महागडी जीन टेस्ट आत्ताच नको. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं), बी१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (किडनीसाठी) करा. त्यात उत्तर मिळालं नाही, किंवा प्लेटलेट, पांढऱ्या पेशीही उतरलेल्या दिसल्या, तर हिमॅटोलॉजिस्ट गाठा.

आणि घरात कुणी 'वय' म्हणालंच तर त्यांचाही सीबीसी करून घ्या. आमचे आप्पा ८१ चे आहेत, हिमोग्लोबिन १३.४. तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवलाय.