आजीने विचारलेला प्रश्न

प्रिय मित्रा,

तू एरंडवण्यातला, वीस वर्षांचा, पंक या बंडखोर रॉक संगीताच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा. धाकट्या भावाच्या मुंजीत हिरवे केस कापून आणि जानवे घालून बसावे, असा बाबांचा हट्ट आहे आणि मुंजीला गेलास तर तू आमचा नाहीस, असे बँडमधले मित्र म्हणतात. ‘ऐकू कुणाचे?’ असे तू विचारतोस.

माझ्या मते दोन्हीकडून तुला गणवेशच चढवला जातो आहे. १९७६ साली रामोन्स या अमेरिकन पंक बँडच्या पहिल्या अल्बममधली १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपली आणि मोजक्या कॉर्ड्सवर, कुणाची परवानगी न घेता बँड काढता येतो, हे शेकडो पोरांना उमगले. पुढे दारू पिणे हीच पंकची खूण ठरू लागली, तेव्हा १९८१ साली वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या पंक बँडने दारू-सिगारेट नाकारणारे गाणे केले. म्हणजे आपल्याच कळपाला प्रश्न विचारणारे त्या संगीतात पूर्वीपासून आहेत, हे मित्रांना जरूर सांग.

जानव्यावर तुझा विश्वास नसेल तर ते घालू नकोस. मात्र हे बाबांना आजच, समोर बसून सांग, मांडवात पाहुण्यांदेखत नव्हे. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा ज्यांना याच पुण्यात पाहावी लागली, त्या आगरकरांनीसुद्धा आपण पोटापुरत्या पैशावर राहून लोकहितासाठी झटणार, हे आईला शिकत असतानाच पत्राने कळवून टाकले होते, आणि त्यांच्या साऱ्या बंडखोरीत मला हे पत्र फार मोलाचे वाटते. विधीला बसणार नाही, पण भावासाठी येईन आणि पंगतीत वाढेन, असे स्पष्ट सांग. बाबा रागावतील, कदाचित काही दिवस बोलणारही नाहीत. ते सोसावे लागेल.

केसांबद्दल मात्र मी लगेच हो किंवा नाही म्हणणार नाही. तेल लावताना आजीच्या बोटांना हिरवा रंग लागला, ती हसली आणि ‘हा रंग कशासाठी रे?’ म्हणाली, तेव्हा तुला उत्तर सुचले नाही, असे तू पत्रात ओझरते लिहिले आहेस. घरात आणि बँडमध्ये मिळून कारण विचारणारी ती एकटीच निघाली. मुंजीआधीची एखादी दुपार तिच्यासाठी राखून ठेव, तुमचे एक गाणे तिला ऐकव, आणि तिला खरे उत्तर देता आले तर केस तसेच राहू देत.

तुझी,
ताई