स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन: शेवटच्या सिटिंगनंतरचे दोन आठवडे आधीच हिशोबात धरा

तुम्ही विचारलंय की आई ५६ वर्षांच्या आहेत, डाव्या स्तनातली गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत, केमो संपली आहे आणि आता २० सिटिंग रेडिएशन सांगितलं आहे. ओळखीतल्या एका बाईंची कातडी सोललेली पाहून त्या घाबरल्या आहेत. मग नेमकं काय काय होतं आणि घरी काय करायचं?

मी रेडिओथेरपी विभागात नर्स आहे. स्तनाच्या रुग्णांची त्वचा रोज तपासणं हे माझ्या कामातलं मुख्य काम. म्हणून आधी एक तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगते: शेवटच्या सिटिंगची. त्या दिवशी घरचे सगळे सुटलो म्हणतात, सोबत आलेली बहीण गावी परत जाते, क्रीम लावणं बंद होतं. त्वचा मात्र त्याच सुमाराला आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त बिघडते. सोबतीची गरज तेव्हा असते आणि तेव्हा रोज पाहणारी नर्सही नसते. त्यामुळे मदतीला येणाऱ्या माणसाची सुट्टी चार आठवड्यांची नाही, सहा आठवड्यांची धरा.

असं का होतं ते आईंनाही समजावून सांगा, भीती कमी होते. त्वचेच्या तळच्या थरात नव्या पेशी तयार होतात आणि त्यांना वर यायला काही आठवडे लागतात. रेडिएशनने तळचं उत्पादन मंदावतं, वरचा थर मात्र रोजच्यासारखा झिजत राहतो. ही तूट पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसते आणि मशीन बंद झाल्यावरही काही दिवस वाढतच जाते. तळाच्या पेशी सावरल्या की त्वचा भरून येते, बहुतेकींची तीन-चार आठवड्यांत.

२० सिटिंग म्हणजे बहुधा १५ वेळा संपूर्ण स्तनाला, एकूण ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि नंतर ५ वेळा फक्त गाठ होती त्या जागेला जादा डोस, म्हणजे बूस्ट. सोमवार ते शुक्रवार धरले तर चार आठवडे. पूर्वी सरसकट ५ आठवडे, २५ सिटिंग देत. काही रुग्णांना आता एका आठवड्यात ५ सिटिंगमध्येही देतात. कमी दिवस म्हणजे अर्धवट उपचार असं समजू नका, तिथे रोजचा डोस जास्त असतो. काखेतल्या ग्रंथींमध्ये आजार सापडला असेल तर कॉलरबोनच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, वरचा भागही घेतात. तो घेतलाय का हे डॉक्टरांना नक्की विचारा, कारण घशाचा त्रास त्यावरच अवलंबून आहे.

मशीनवर काहीच दुखत नाही. टेबलावर १०-१५ मिनिटं जातात, त्यातला बराच वेळ नेमकं झोपवण्यात जातो. किरण अंगात उरत नाहीत, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. डोक्यावरचे केस या रेडिएशनने जात नाहीत, केमोनंतर उगवायला लागलेले तसेच वाढतात. फक्त काखेतले विरळ होतात.

सुरू होण्याआधी दोन गोष्टींची तयारी हवी. पहिली खांद्याची. सीटी प्लॅनिंगच्या, म्हणजे स्कॅन काढून किरण कुठे द्यायचे ते आखण्याच्या, दिवशी आणि नंतर रोज हात डोक्यावर ठेवून निश्चल पडावं लागतं. काखेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असेल तर तेच सगळ्यात अवघड जातं. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढणं, १० वेळा, दिवसातून तीनदा, आजपासून. काल कुठवर हात गेला तिथे पेन्सिलने खूण करा. हा व्यायाम रेडिएशनभर आणि त्यानंतरही अनेक महिने सोडायचा नाही, कारण स्नायू आणि कातडी आखडण्याची प्रक्रिया हळू चालते आणि लांबते.

दुसरी तयारी श्वासाची. बाजू डावी आहे, म्हणून हृदय जवळ आहे. बऱ्याच केंद्रांत छातीत खोल श्वास भरून रोखायला लावतात. फुफ्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाहेर पडतं. तुमच्या केंद्रात ही सोय आहे का आणि आईंना तिची गरज आहे का, ते विचारा. असेल तर घरी सराव करा: पोट न फुगवता छाती भरून श्वास, २० सेकंद रोखायचा, सोडायचा, थोडं थांबायचं, पुन्हा.

अंगावर शाईच्या रेषा किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके करतात. रेषा पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नका, टेक्निशियनला सांगा.

आता त्वचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी लाली येते. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही. आधी काळपटपणा येतो, सोबत ऊब, ताण, खाज. 'लाल तर झालं नाही' म्हणून थांबू नका. रोज हात लावून पाहा, दुसऱ्या बाजूपेक्षा गरम लागतं का. सगळ्यात आधी बिघडतात त्या दोन जागा: स्तनाखालची घडी आणि काख. तिथे कातडीवर कातडी घासते, घाम साचतो, हवा लागत नाही. स्तन मोठे असतील तर घडीकडे दुप्पट लक्ष द्या. आरशात ती दिसत नाही, म्हणून रोज आडवं झोपवून दुसऱ्या कोणीतरी पाहायला हवी.

आंघोळ बंद करू नका. 'पाणी लावायचं नाही' हा सल्ला जुना आहे. कोमट पाणी, सौम्य बिनवासाचा साबण तळहातावर फेसवून, हलक्या हाताने. घासणी, उटणं, पंचाने रगडणं नाही. मऊ कपड्याने टिपून घ्यायचं आणि घडी पंख्याखाली वाळू द्यायची. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, पातळ थर, दिवसातून दोनदा: सिटिंग झाल्यावर आणि रात्री. मशीनवर जाण्याच्या आधी जाड थर नको, त्याने त्वचेवरचा डोस वाढतो.

डॉक्टरांना मोमेटासोन ०.१ टक्का या स्टिरॉइड क्रीमबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारा. दिवसातून एकदा, सुरुवातीपासून लावलं तर खाज आणि जळजळ कमी होते, हे अभ्यासांत दिसलंय. पण ते अखंड कातडीवरच, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. आपल्याकडच्या दमट हवेत घडीत बुरशी सहज होते: खूप खाज, पांढरट ओलसर थर, कडेला बारीक पुळ्या. त्यावर स्टिरॉइड लावलं की ती पसरते. आणि केमिस्टकडून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या निओमायसिन या अँटिबायोटिकची कित्येकांना ॲलर्जी येते, आणि मग रेडिएशनमुळे काय झालं आणि ट्यूबमुळे काय, हे आम्हालाही कळत नाही.

हळद, चंदन, बेसन, तूप, एरंडेल, कोरफडीचा ताजा गर, यांतलं काही नको. कोरफडीने फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही आणि ताजा गर जंतुविरहित नसतो. हळदीचा लेप वाळून ओढला जातो, निघताना कातडी घेऊन येतो. टाल्कम पावडर घामात भिजून गोळे होते आणि घडीत घासते. शेकही नको आणि बर्फही नको, त्या त्वचेला दोन्ही सोसत नाहीत. काखेत रेझर बंद. डिओडरंट अखंड त्वचेवर चालतं, कातडी सोलली की थांबवायचं.

कपड्यांचं बोलते, कारण अर्धी कातडी कपड्यांनी सोलते. तारेची ब्रा बंद. फिटिंगचा ब्लाउजही बंद, त्याची काखेतली शिवण नेमकी नको तिथे घासते. एक माप मोठा, मऊ धुतलेल्या सुती कापडाचा, पुढून उघडणारा ब्लाउज शिवून घ्या, किंवा घरी सरळ जुना सुती शर्ट. स्तन जड असेल तर मऊ सुती, बिनतारेची ब्रा आधाराला चालेल, घडीत मलमलचा दुमडलेला तुकडा ठेवून. तुकडा ओला झाला की लगेच बदलायचा, उन्हाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा. मंगळसूत्र मशीनवर काढावंच लागतं. कॉलरबोनचा भाग घेतला असेल तर महिना-दीड महिना घरीही काढून ठेवावं असं मी आग्रहाने सांगते. साखळी दिवसभर त्याच जागी घासते. सासूबाईंशी यावरून वाद होणार असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कातडी सुटून ओलसर गुलाबी भाग उघडा पडला, तर ते त्याच दिवशी विभागात दाखवा, पुढच्या ओपीडीची वाट पाहू नका. घरी करायचं ते असं: केमिस्टकडून ०.९ टक्के सलाइनची बाटली आणा. तिने भिजवलेला गॉज पाच-दहा मिनिटं नुसता ठेवा, मग अलगद काढा. उघडलेली बाटली २४ तासांनी टाकून द्या. बाटली मिळाली नाही तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ घाला. वर न चिकटणारं ड्रेसिंग, पॅराफिन गॉज किंवा सिलिकॉन फोम. कोरडा गॉज थेट ठेवला की तो चिकटतो आणि काढताना नवी आलेली कातडी फाडतो. चिकटलाच तर सलाइनने भिजवून सोडवा. रेडिएशन लागलेल्या जागेवर चिकटपट्टी कधीच नाही, ड्रेसिंग सैल सुती बनियनने धरून ठेवा. सिल्व्हर सल्फाडायझिन हे जंतुनाशक मलम दिलं असेल तर सल्फाची ॲलर्जी आहे का ते आधी सांगा, आणि सिटिंगआधी ते पुसून घ्या. जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायलेट, अजून काही ठिकाणी लावतात. त्याने जखम कोरडी पडून चिरते आणि रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही, त्यामुळे मी ते टाळायला सांगते.

स्तनात अधूनमधून वीज चमकल्यासारखी कळ येणं, जडपणा, सूज हे अपेक्षित आहे. कळा काही महिने येत राहतात. त्या म्हणजे आजार परत आला असं नाही.

थकवा तिसऱ्या आठवड्यापासून जाणवतो, शेवटी वाढतो आणि नंतर काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. केमोनंतर लगेच रेडिएशन असल्याने आईंना तो जास्त जाणवेल. दिवसभर झोपवून ठेवू नका, त्याने उलट वाढतो. २०-३० मिनिटं चालणं, हवं तर दोन वेळांत विभागून. दुपारची झोप अर्धा तास, दुपारी तीनच्या आधी. थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन तपासा, आणि पुढे महिनोनमहिने रेंगाळला तर थायरॉइडही, विशेषतः कॉलरबोनचा भाग घेतला असेल तर.

खाण्यात एक गैरसमज घरोघरी आहे: रेडिएशनने अंगात उष्णता वाढते, म्हणून अंडी, मासे, चिकन बंद. नेमकं उलट करा. कातडी भरून यायला प्रथिनं लागतात, वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोच्या बाईला ७२ ते ९० ग्रॅम, आणि ते नुसत्या वरणभाताने होत नाहीत. शाकाहारी असाल तर पनीर, दही, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं वाढवा. किडनीचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, वाढलेल्या साखरेने जखम रखडते. व्हिटॅमिन ई वगैरेंच्या जास्त ताकदीच्या गोळ्या आणि काढे या काळात नकोत. हार्मोनची गोळी सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

कॉलरबोनचा भाग घेतला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गिळताना घशाशी टोचतं. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कोमट पेज, तिखट-आंबट बंद. संपल्यावर एक-दोन आठवड्यांत निवळतं.

सिटिंग चुकवू नका. मध्ये मोठा खंड पडला तर वाचलेल्या कॅन्सरपेशींना सावरायला वेळ मिळतो. मशीन बंद पडून दिवस गेला तर भरपाई डॉक्टर ठरवतील. एका दिवसात दोन सिटिंग दिली तर त्यांत किमान ६ तासांचं अंतर ठेवतात.

काखेतल्या ग्रंथी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो, त्यासाठी आजच टेप घ्या. कोपराच्या १० सेंटीमीटर वर आणि १० सेंटीमीटर खाली, दोन्ही हातांची मापं वहीत लिहा, मग दर महिन्याला. फरक पहिल्या मापापेक्षा २ सेंटीमीटरने वाढला, किंवा त्या हाताच्या बांगड्या घट्ट वाटू लागल्या, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. सूज लवकर पकडली तर आवरते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. त्वचेतून पू, घाण वास किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तरी तसंच.

आणखी एक गोष्ट फॅमिली डॉक्टरांना आजच सांगून ठेवा. रेडिएशन संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, दम लागणं, बारीक ताप सुरू झाला, तर ती फुफ्फुसाला रेडिएशनमुळे आलेली सूज असू शकते. हे थोड्याच जणींना होतं. पण एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो आणि आपल्याकडे तो पाहून टीबीचा संशय येणं साहजिक आहे. थुंकीची तपासणी जरूर करा, पण नुसत्या डागावरून टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. या सुजेचा उपचार वेगळा, बहुधा स्टिरॉइडचा, असतो. म्हणून किती ग्रे, कोणत्या भागाला, कोणत्या तारखांना, हे लिहिलेला कागद विभागातून मागून घ्या आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

काळपटपणा काही महिन्यांत फिकट होतो. त्या जागेवर, विशेषतः गळ्यापाशी, निदान वर्षभर थेट ऊन लागू देऊ नका. पदर घ्या, आणि त्वचा पूर्ण भरल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. स्तन थोडा घट्ट आणि लहान होऊ शकतो. पहिला मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, रेडिएशन संपल्यावर ६ ते १२ महिन्यांनी करतात. त्याआधी सूज असते, दाब सहन होत नाही आणि चित्रही नीट वाचता येत नाही.